कोतवालबाईंचं दार

नाट्यगृहाच्या दारात उभ्या असलेल्या माणसाचा चेहरा कुणाच्या लक्षात राहत नाही. प्रेक्षक तिकीट पुढे करतो, ते फाटतं, तो आत जातो. त्याचं सगळं चित्त पडद्याकडे. पण तोंडाला रंग फासून जो विंगेत उभा असतो त्याला विचारा. तिसरी घंटा होते, कुजबुज विरत जाते आणि लांबून, प्रेक्षागृहाच्या पार त्या टोकाकडून, एक जाड कडी सरकल्याचा आवाज येतो. खट्! तो आवाज कानावर पडला की नटाच्या जिवात जीव यायचा. आता बाहेरचं जग बाहेर आणि आतलं आत. आता कुणी मधेच येऊन आपलं वाक्य तुडवणार नाही.

ती कडी सरकवणाऱ्या बाईंना आख्खं नाट्यगृह कोतवालबाई म्हणायचं. खरं नाव पगारपत्रकात होतं, ते तिथेच राहिलं.

बुटक्या, रुंद खांद्यांच्या, गळ्यात दोरीला लटकवलेली बॅटरी. तिकीट फाडण्याची त्यांची एक खास ढब होती. दोन्ही हातांच्या चिमटीत कागद धरायचा, डाव्या मनगटाला किंचित झटका द्यायचा, की तो सरळ रेषेत दुभंगलाच पाहिजे. अर्धा तुकडा प्रेक्षकाच्या हातात, अर्धा डब्यात, आणि नजर मागच्या माणसावर. बघणाऱ्याला वाटावं, या बाई तिकीट फाडत नाहीत, पानं उलटताहेत.

उशिरा येणाऱ्यांशी मात्र त्यांचं कधी जमलं नाही.

"बाई, पाचच मिनिटं उशीर झालाय हो."

"तुम्हाला झालाय. नाटकाला नाही झालेला."

एकदा खुद्द निर्माता बाहेर राहिला. दारावर थापा मारत ओरडला, "अहो, नाटक माझं आहे!" कोतवालबाई फटीतून म्हणाल्या, "मग वेळ तर तुम्हाला सगळ्यात आधी कळायला हवी होती." आणि एकदा तर नायकच घंटेच्या आधी समोरच्या दाराने सिगरेट ओढायला गेला तो बाहेरच अडकला. बिचारा मागच्या बोळातून धावत, धापा टाकत, ऐन वेळी रंगमंचावर घुसला. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात छापून आलं, की पहिल्या प्रवेशातली नायकाची घुसमट अंगावर काटा आणणारी होती. पुढे तो प्रत्येक प्रयोगाला आधी जिन्यावरून दोन चकरा मारून यायचा.

पण कोतवालबाई दुष्ट नव्हत्या. मध्यंतर झालं की त्या स्वतः दार उघडायच्या आणि बाहेर तिष्ठत राहिलेल्यांना बॅटरी दाखवत, माहेरी आलेल्या लेकीला न्यावं तसं, खुर्चीपर्यंत नेऊन बसवायच्या. नियम सगळ्यांना एकच. त्यांचा मुलगा शाळेत होता तेव्हा एकदा त्यांचा घरी राहिलेला डबा घेऊन धावत आला. घंटा होऊन गेली होती. पोरगं मध्यंतरापर्यंत डबा मांडीवर घेऊन पायरीवर बसलं. ही गोष्ट तो मोठेपणी येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगायचा आणि कोतवालबाई प्रत्येक वेळी तेवढंच म्हणायच्या, "मग? नाटक चालू होतं."

अशा बाईंचा पाय एका दुपारी बाल्कनीच्या ओल्या पायरीवरून सटकला.

मान दुखावली ती अशी, की मानेखालचं सगळं शरीर त्यांना परकं झालं. बोलणं राहिलं, डोकं राहिलं. दवाखान्यात शुद्धीवर आल्या आणि मुलाचा रडवेला चेहरा बघून म्हणाल्या, "रडतोस काय? महत्त्वाचं सामान वाचलंय."

हे म्हणायला ठीक होतं. घरी आल्यावर खरा खेळ सुरू झाला. घर दोन खोल्यांचं. दवाखान्यासारखी ती वरखाली होणारी मोठी खाट आतल्या खोलीत शिरेना, म्हणून पुढच्या खोलीत लावली. म्हणजे घराचं दार उघडलं की समोर कोतवालबाई. मुलगा पंपांच्या कारखान्यात कामाला, सून अर्धा दिवस औषधांच्या दुकानात. मदतीला येणाऱ्यांना दार उघडायला कुणी असेलच असं नाही. तेव्हा मुलाने विजेवर चालणारं कुलूप बसवलं. त्याच्या आणि बायकोच्या फोनवरून ते उघडे, आणि बाहेरच्या बाजूला आकड्यांची पट्टी होती. आकडा आधी फक्त सकाळच्या नर्सला दिला होता. मग वन्संना, म्हणजे कोतवालबाईंच्या नणंदेला, दिला. वन्संच्या पोटात काही राहत असतं तर गोष्ट वेगळी. महिनाभरात आख्ख्या जिन्याला तो आकडा पाठ झाला.

शेजारीण आपली कुरिअरची पाकिटं ठेवायला यायची. कुणाकुणाचे पाहुणे "बघून जाऊ" म्हणून यायचे. वन्सं तर दिवसातून दोनदा यायच्या, उशाशी बसून दुसऱ्या कुणाची तरी दुखणी सांगायच्या. आणि एका सकाळी नर्स कोतवालबाईंचं अंग पुसत असताना वरच्या मजल्यावरचे गृहस्थ दार उघडून आत आले. त्यांना स्क्रूड्रायव्हर हवा होता.

"मी काही बघितलं नाही हं," ते म्हणाले. आणि तिथेच उभे राहून त्यांनी विचारलं, "कुठे ठेवलेला असतो?"

सुनेने आतून येऊन आधी टॉवेल टाकला कोतवालबाईंच्या अंगावर आणि मग स्क्रूड्रायव्हर टाकला गृहस्थांच्या पायावर. कोतवालबाई छताकडे बघत राहिल्या. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत. संध्याकाळी मुलाला एवढंच म्हणाल्या, "मला वळवून भिंतीकडे तोंड करून ठेव."

"का गं आई?"

"दाराकडे बघवत नाही."

थोड्याच दिवसांनी टोपी आली. मुलाच्या कारखान्यातल्या कुणाच्या तरी ओळखीने एका कंपनीचा प्रयोग कळला होता. डोक्यात नुसता विचार करायचा, आणि घरातली उपकरणं चालवायची. कापडी टोपी, आतून ओलसर बोंडं, ती टाळूला टेकायची. डोक्यातली हालचाल टिपून ती बाजूच्या पेटीला कळवायची. खाटेच्या पायथ्याशी एक पडदा. त्यावर चार चित्रं: दिवा, पंखा, टीव्ही आणि सुनेला बोलावायची घंटा. पिवळी चौकट एका चित्रावरून दुसऱ्यावर फिरायची. हव्या त्या चित्रावर चौकट आली की ठरलेला विचार करायचा. चौकट फिरत नसली की दिव्यावर येऊन थांबायची.

टोपी घेऊन येणारी मुलगी विशीतली, केस बारीक कापलेली, बोलताना जीभ चावणारी. तिला कोतवालबाईंनी पहिल्याच भेटीत टोपीवाली करून टाकलं.

"आजी, आता मनातल्या मनात उजवी मूठ आवळा."

"आजी कुणाची?"

"सॉरी. मावशी. मूठ आवळा."

आठवडाभर कोतवालबाईंनी मूठ आवळली. पडद्यावर काही म्हणता काही होईना. टोपीवालीने डावी मूठ करून पाहिली, पाय हलवून पाहिले. "तुम्ही मनापासून विचार करत नाही आहात," असं ती चुकून बोलून गेली आणि जीभ चावली.

कोतवालबाई भडकल्या. "मूठ मी आयुष्यात कधी आवळली असेन तर भांडणात! तो काही माझा धंदा नव्हे. माझ्या हातांना एकच काम येतं."

"कोणतं?"

"तिकीट फाडायचं."

टोपीवाली हसली नाही, हे तिचं भाग्य. म्हणाली, "मग फाडा."

कोतवालबाईंनी डोळे मिटले. समोर रांग आली. पहिला माणूस पुढे झाला. चिमटीत कागद, मनगटाला झटका.

खोलीतला दिवा लागला.

सून स्वयंपाकघरातून धावत आली तर तिघींच्या मधे तो दिवा भरदिवसा जळत होता, आणि कोतवालबाई त्याच्याकडे, आपल्या नाटकाची पहिली टाळी ऐकलेल्या पोरीसारख्या बघत होत्या. "विझव," सून म्हणाली. विझला. "लाव." लागला. मग पंखा. मग टीव्ही, मग त्याचा आवाज, इतका की शेजारणीने भिंत ठोकली. "ठोक, ठोक," कोतवालबाई म्हणाल्या, "आज पहिल्यांदा तू बाहेरून ठोकलंस."

पण चार दिवसांत एक खोट दिसायला लागली. दिवा आपोआप लुकलुकायचा. मधेच विझायचा, मधेच लागायचा. टोपीवालीने बोंडं बदलली, पेटी बदलली, वायर बदलली. कंपनीने कळवलं, की बाईंचं लक्ष विचलित होत असावं. मुलगा म्हणाला, "आई, जरा शांत पडून राहत जा ना."

शेवटी टोपीवाली एक आख्खी सकाळ कोपऱ्यात स्टूल टाकून बसली. नर्स आली, दिवा विझला. कुरिअरवाला डोकावला, लागला. शेजारीण आली, विझला. शेजारणीच्या मागून तिची बहीण आली, पुन्हा लागला. टोपीवाली हळूच उठून कोतवालबाईंच्या कानाशी गेली.

"मावशी, तुम्ही यांची तिकिटं फाडताय."

 कोतवालबाई खदाखदा हसल्या. खरंच की! दारातून माणूस आत आला, की मन आपलं काम करून मोकळं व्हायचं, त्यांना पत्ताही लागायचा नाही. इतक्यात वन्सं आल्या. दिवा जिथल्या तिथे.

"आता का नाही?" टोपीवालीने विचारलं.

"त्या फुकट पासवाल्या," कोतवालबाई म्हणाल्या.

"कसला पास, वहिनी?" वन्संनी विचारलं आणि उत्तराची वाट न बघता खुर्ची ओढली.

हसणं ओसरल्यावर मात्र कोतवालबाईंच्या मनात एक गोष्ट रुतून बसली. हातपाय गेले, तरी मन अजून दारावर उभं होतं. ड्यूटीवर होतं. फक्त त्याच्या हातात दार नव्हतं. दिवा, पंखा, टीव्ही! या काय मागितलेल्या गोष्टी होत्या? कुणी विचारलं होतं त्यांना, तुम्हाला काय हवं म्हणून?

त्या संध्याकाळी मुलगा घरी आला तेव्हा त्यांनी सरळ सांगितलं, "मला दार पाहिजे."

"कसलं दार?"

"हे. घराचं. टोपीला जोडून घ्यायचं. मी बंद करणार, मीच उघडणार."

मुलगा बूट सोडता सोडता थांबला. "आई, काहीतरीच काय? कुणी आलं तरी तुझा दिवा लुकलुकतो, तुला कळतही नाही. उद्या दार असंच उघडलं तर? भलताच कुणी आत आला तर?"

"भलते रोज येतातच आहेत. स्क्रूड्रायव्हर घेऊन जाताहेत."

"आणि बंद राहिलं तर? आत काही पेटलं, तुला ठसका लागला? मी तिकडे कारखान्यात. मला झोप लागेल का?"

तो खोटं बोलत नव्हता. पडल्यापासून तो नीट झोपलाच नव्हता, हे कोतवालबाईंना त्याच्या डोळ्यांखाली दिसत होतं. म्हणून त्यांनी आवाज खाली आणला. पण मागणी नाही.

"तुझ्या फोनवर राहू दे. आग लागली तर उघड. पण रोजचं दार माझं. अरे, दिवा नसला तर मी अंधारात पडेन. दार नाही म्हणून मी चव्हाट्यावर पडलेय."

"पुढच्या आठवड्यात कंपनीचे साहेब येताहेत, कॅमेरा घेऊन. ते होऊन जाऊ दे, मग बघू."

"आधी दार. मग साहेब."

"तू ना, आई..." तो उठून आत गेला. आतून त्याचा आवाज आला, "मला अजून त्या पायरीवर बसल्यासारखंच वाटतं तुझ्याशी बोलताना!"

"मग? ना..." कोतवालबाईंच्या ओठांवर आलेलं वाक्य त्यांनी गिळलं. आज कुठलंच नाटक चालू नव्हतं.

दुसऱ्या दिवशी टोपीवाली आली तेव्हा कोतवालबाईंनी तिला गाठलं. ती जीभ चावत म्हणाली, "जोडायला अर्धा तास लागेल, मावशी. दारासाठी वेगळा विचार ठेवू, म्हणजे ते चुकून नाही उघडणार. पण कंपनीच्या यादीत चारच वस्तू आहेत. आणि घरमालकाची परवानगी लागते."

"घर माझ्या नावावर आहे. दिली परवानगी."

"पण कुलूप दादांच्या फोनवर आहे ना?"

तेवढ्यात सून हात पुसत बाहेर आली. आदल्या संध्याकाळच्या वादात ती चकार शब्द बोलली नव्हती. तिने आपला फोन टोपीवालीच्या पुढ्यात ठेवला. "माझ्याही फोनवर आहे. आणि बाहेरचा तो आकडा आधी मोडीत काढ. मला एकदा तरी माझ्या घरात केस मोकळे सोडून बसायचंय."

सासूने सुनेकडे बघितलं.  

"दारासाठी कोणता विचार, मावशी?"

"जाड काळा पडदा. दोन्ही हातांनी ओढायचा. आणि मग कडी."

त्या दिवशी, दुपारच्या शांततेत, कुलपाचा आवाज झाला. खट्! कोतवालबाईंनी डोळे मिटून घेतले. मग त्यांनी ते दार कितीतरी वेळा उघडलं आणि बंद केलं, उघडलं आणि बंद केलं, टोपीवाली "पुरे, दमाल" म्हणेपर्यंत. त्यांनी पिवळी चौकट दिव्यावर आणली. "आता मला भिंतीकडे नको," त्या सुनेला म्हणाल्या, "दाराकडे तोंड करून दे."

मुलगा संध्याकाळी आला आणि दार बंद बघून त्याने फोन काढला. आतून आवाज आला, "कोण?" तो एक क्षण घुटमळला, पण घाईने आणि रागाने त्याने अंगठा दाबलाच. आत आला, बायकोकडे बघितलं, आईकडे बघितलं. "सगळ्या एकाच माळेचे मणी झालात," म्हणाला आणि अंघोळीला गेला. कोतवालबाईंनी ओळखलं, दार अजून पुरतं आपलं झालेलं नाही. त्याच्या अंगठ्याखाली आहे ते.

साहेब येणार होते चारला. कोतवालबाईंनी मुलाला आदल्या दिवशीच बजावून ठेवलं. "त्यांना सांग, चारला घंटा. मग दार बंद."

"हो हो," मुलगा म्हणाला. लहान मुलांना म्हणतात तसं.

सुनेने खोली लख्ख केली. कोतवालबाईंचे केस विंचरले. टोपीवालीने टोपी चढवली, बोंडं ओली केली. मुलगा साहेबांना घ्यायला खाली फाटकाशी जाऊन उभा राहिला. चारला थोडा अवकाश असताना चौकट घंटेवर आली आणि सुनेला बोलावायची ती कर्कश घंटा वाजली. जिनाभर ऐकू गेली.

"काय हवं, आई?" सून आली.

"काही नको. पहिली झाली."

थोड्या वेळाने दुसरी. टोपीवालीच्या आता लक्षात आलं. ती खिडकीतून खाली बघून म्हणाली, "मावशी, सरांची गाडी अजून दिसत नाही. ते नेहमीच थोडे मागे-पुढे होतात."

"इथे फक्त पुढे चालतं."

भिंतीवरच्या घड्याळात चार वाजले. तिसरी घंटा झाली. काळा पडदा ओढला गेला, कडी सरकली. खट्!

साहेब आले ते त्यानंतर बऱ्याच वेळाने. जिन्यावर पावलं, हास्य, कॅमेऱ्याच्या पेट्यांचा आवाज. त्यांच्यात वन्संचाही आवाज होता; कॅमेरा येणार म्हटल्यावर त्या कशा चुकतील? कुणीतरी दार ढकललं. मग ठोठावलं.

"वहिनी, दार लागलंय बघा तुमचं!"

"लागलेलं नाही. लावलंय," कोतवालबाई आतून म्हणाल्या. "तिसरी घंटा झाली. मध्यंतराला या."

बाहेर कुजबुज झाली. साहेबांनी दाराशी तोंड आणलं. "आत आमची कर्मचारी आहे का? यंत्रात काही बिघाड आहे का? चालत नाही का?"

टोपीवालीने जीभ चावली. मग जीभ सोडली. "चालतंय, सर. चालतंय म्हणूनच तुम्ही बाहेर आहात."

सून तोंडावर हात दाबून भिंतीला टेकली. पण बाहेर कुणी हसलं नाही. साहेबांचा आवाज बदलला. "हे बघा, दार आमच्या यादीत नाही. ही आमची वस्तू आहे. असंच असेल तर आजच्या आज काढून न्यावी लागेल."

"आई!" आता मुलगा. "उघड ना गं. ऐकलंस ना? टोपी नेतील. पुन्हा दिव्यासाठी हाका मारत बसशील."

कोतवालबाईंनी पडद्यावरच्या चारही चित्रांवर नजर फिरवली. दिवा, पंखा, टीव्ही, घंटा. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांचं म्हणणं कुठलीतरी वस्तू ऐकत होती. ती हातची जाणार होती.  पण आवाज डळमळला नाही. आवाजाने आयुष्यभर दार राखलं होतं.

"नेऊ देत! मी हाका मारीन. पण माझ्या दारात मी म्हणेन तेव्हा येतील."

"अहो, तुमच्या फोनवर आहे ना हे?" साहेब मुलाला म्हणाले. "मग उघडा की. कशाला खोळंबा?"

  कोतवालबाई दाराकडे बघत होत्या. आता ते कुलूप उघडणार, त्यांच्या विचाराशिवाय, आणि मग टोपी राहिली काय आणि गेली काय, सगळं सारखंच. फोनचं बटण दाबलं की आधी बारीक 'टुक्' असा आवाज येतो, तो त्यांना पाठ होता. त्या त्याची वाट बघत होत्या.

तो आला नाही. आला तो पायरीवर कुणीतरी जड होऊन बसल्याचा आवाज.

"काय करताय? उघडा ना," साहेब म्हणाले.

"नाही उघडत," मुलाचा आवाज आला. खालून, पायरीवरून. "नाटक चालू आहे."

कोतवालबाईंनी मान वळवता येईल तेवढी भिंतीकडे वळवली. सून पुढे झाली आणि तिने पदर न लावता, हाताच्या पंजाने त्यांचे गाल पुसले. मग त्या म्हणाल्या, "चला. आलेल्यांसाठी प्रयोग झालाच पाहिजे." आणि त्यांनी दोनच प्रेक्षकांसमोर दिवा लावला, विझवला, पंखा फिरवला, टीव्हीवर बातम्या सांगणाऱ्या माणसाचं तोंड मधेच बंद केलं. टोपीवालीने टाळ्या वाजवल्या. बाहेर साहेब फोनवर कुणाला तरी तावातावाने काही सांगत होते आणि वन्सं त्यांना समजावत होत्या, "आमच्या वहिनींचा स्वभावच तसा. मंत्र्यांना नाही सोडलं त्यांनी." सांगताना अभिमानाने आवाज जरा चढला होता.

मध्यंतर झालं. दार उघडलं.

साहेब आत आले, दिवा लुकलुकला. कॅमेरावाला आला, पुन्हा. मागून वन्सं आल्या आणि दिवा लुकलुकला, तशा त्या जागीच थबकल्या. "हे काय, वहिनी? माझ्यासाठी कधी होत नाही!"

"आज तुम्ही थांबलात."

मुलगा उंबऱ्याबाहेरच उभा होता. मोठा, दमलेला, विरळ झालेल्या केसांचा. "आई, येऊ का?"

"ये," कोतवालबाई म्हणाल्या.

कॅमेरावाल्याने दार पुन्हा एकदा बंद करून उघडायला सांगितलं, छान दिसेल म्हणाला. "प्रयोग एकदाच होतो," असं उत्तर मिळालं. साहेबांनी अगदी गोड शब्दांत सांगितलं, की दार काढलं तर टोपी राहील. कोतवालबाईंनी त्याहून गोड शब्दांत सांगितलं, "मग न्या." ते मुलाकडे वळले. मुलगा म्हणाला, "आईचं घर आहे." आणि खरोखरच त्या संध्याकाळी टोपी, पेटी, पडदा, सगळं खोक्यात बंद होऊन गेलं. टोपीवाली जाताना खोकं छातीशी धरून मान खाली घालून गेली.

मग पुन्हा दिव्यासाठी हाका सुरू झाल्या. पंखा लाव रे, पंखा बंद कर गं. कोतवालबाई चिडायच्या, कधी एकट्या असताना रडायच्याही. पण दाराचं काहीतरी वेगळंच झालं होतं. मुलाने नवा आकडा नर्सशिवाय कुणालाही दिला नाही आणि तिलाही सांगितलं, "आधी हाक मारायची. आई 'या' म्हणाली तर यायचं." तो स्वतःही फोन खिशात ठेवून बाहेर उभा राहायचा. शेजारीण पाकिटं जिन्यात ठेवायला लागली. वरच्या गृहस्थांनी स्वतःचा स्क्रूड्रायव्हर विकत घेतला. आणि वन्सं दारात उभ्या राहून, लांबलचक सुरात, "येऊ का वहिनी?" असं इतक्या नाटकी आवाजात विचारायच्या, की कोतवालबाईंना वाटायचं, या बाई रंगमंचावर गेल्या असत्या तर बऱ्याच जणींची सुट्टी झाली असती.

मधे बरेच दिवस गेले. एका सकाळी जिन्यावर ओळखीची पावलं वाजली. दार उघडंच होतं. सून दुकानात जायला निघत होती. उंबऱ्याबाहेर टोपीवाली उभी. हातात तेच खोकं, त्यावर नव्याने चिकटवलेली चिठ्ठी.

"मावशी, कंपनीने टोपीतल्या सगळ्या नोंदी तपासल्या. तुमचा दाराचा इशारा सगळ्यात स्वच्छ निघाला. दिव्यापेक्षा, पंख्यापेक्षा, सगळ्यांपेक्षा. आता यादीत पाच वस्तू आहेत." ती एका दमात बोलून गेली आणि मग तिच्या लक्षात आलं, की आपण अजून बाहेरच उभ्या आहोत. तिने जीभ चावली. "येऊ का?"

कोतवालबाईंनी तिच्याकडे बघितलं. खोक्याकडे बघितलं. त्यांच्या मनात केव्हाच चिमटीत कागद आला होता, मनगटाने झटका दिला होता. तरीही त्यांनी तिला थोडं थांबवलं. उगीच. दार आपलं आहे, एवढंच एकदा डोळे भरून बघून घेण्यापुरतं.

"हं," त्या म्हणाल्या, "आता ये."